समुद्रावर जाण्याचा बेत

तुळशीचे लग्न नुकतेच आटोपले होते. सायंकाळी मी सोप्यातील झोपाळ्यावर पंचांग चाळीत बसलो होतो. इतक्यात आमचा थोरला नातू समोर येऊन उभा राहिला. मुलगा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. एरवी तो घरात आला की हातातील मोबाईलसह एखाद्या कोपऱ्यात नाहीसा होतो. त्या दिवशी मोबाईल खिशात होता, एवढ्यावरूनच प्रकरण काही साधे नसावे हे मी ताडले.

"आजोबा, तुम्हांला एक विचारायचं आहे. बाबांना अजून सांगितलं नाही."

"आणि आईला?"

"आईला तर नाहीच नाही."

बेत असा होता. त्याच्या एका मित्राने कयाक नावाची दोन माणसांची होडी विकत घेतली होती. ती घेऊन दोघांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील भोगवे ह्या गावी जायचे, कर्ली नदीच्या खाडीत ती वल्हवायची आणि... येथे तो अडखळला.

"आणि काय?"

"आणि गरीनं मासे धरायचे."

वाचकांपैकी बहुतेकांच्या घरची रीत आमच्यासारखीच असेल, म्हणून अधिक खुलासा नको. मुलगा बाहेर मासे खातो हे मला ठाऊक होते, त्याच्या आईला ठाऊक होते, आणि आम्हांला ते ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. परंतु आजवर कोणी ते बोलून दाखविले नव्हते. एकत्र कुटुंबात पुष्कळ गोष्टी अशा न बोलण्याच्या आधारावरच सुखाने चालत असतात. त्या दिवशी मात्र त्याने स्वतः तो आधार काढून घेतला होता.

खरे सांगावयाचे तर 'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. शिक्षकाला तो शब्द फार सोपा असतो. तो मी का गिळला, हे सांगण्यासाठी मला पुष्कळ मागे जावे लागेल.

माझे बालपण वाईस गेले. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो. त्याच्या आगेमागे एका शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून संस्कृताचे धडे घेतले आणि पुढे सांगलीकडे मास्तरकी धरली ती निवृत्त होईपर्यंत. वाईस असताना माझा एक वर्गमित्र होता. त्याच्या वडिलांनी त्याला नदीवर जाण्याची सक्त मनाई केली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता. कृष्णेचे डोह कोणाला भय घालीत नाहीत? पण आम्ही सारे पोहत असू आणि हा घाटावर बसून आमचे कपडे राखीत असे. १९७१ च्या श्रावणात एका दुपारी तो कोणास न सांगता एकटाच गेला. सायंकाळी शोध सुरू झाला तेव्हा मंडळी देवळात गेली, बाजारात गेली, त्याच्या आत्याच्या घरी गेली. नदीवर कोणी गेले नाही, कारण नदीवर जाण्याची त्याला मनाईच होती. दिवेलागणीनंतर कोणाला तरी घाटाच्या पायरीवर त्याचे कपडे दिसले. नीट घडी करून ठेवलेले होते.

त्याला कोणी वाचवू शकले असते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. परंतु तो कोठे आहे हेच कोणास माहीत नव्हते, ही गोष्ट मात्र इतक्या वर्षांत माझ्या मनातून गेली नाही. मनाईने तो नदीपासून दूर राहिला नाही, तो आमच्यापासून दूर गेला, एवढेच त्या मनाईने साधले.

म्हणून मी पंचांग मिटले आणि नातवाला म्हणालो, "तू मला सांगितलेस हे फार बरे केलेस. आता बैस आणि सगळे सांग."

त्याने मोबाईलवर होडीचे चित्र दाखविले. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूट लोकांची होडी. लाकडाच्या अथवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करीत आणि तीत बसून शिकार करीत. आताची कयाक जाड प्लास्टिकची असते. काहींत माणूस आत पाय घालून बसतो, काहींत वरच्या अंगावर. मित्राची होडी दुसऱ्या प्रकारची होती. तिच्या पृष्ठभागाला आरपार छिद्रे असतात व वर आलेले पाणी त्यांतून खाली निघून जाते, हे ऐकून मला मौज वाटली. होडीस छिद्र असणे हा सद्गुण ठरावा, हे आमच्या दृष्टांतांच्या पेढीत कोठेच नव्हते! दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे डावीउजवीकडे आलटून पालटून मारावयाचे. कौस्तुभ खाडे नावाच्या मुंबईच्या तरुणाने २०१७ साली अशाच होडीतून पश्चिम किनाऱ्याने वल्हवीत कन्याकुमारी गाठली, हेही त्याने मला सांगितले.

"आणि त्यापूर्वी त्याने किती दिवस तयारी केली, हे वाचलेस का?"

तो गप्प राहिला. मी त्याला हितोपदेशातील तीन माशांची गोष्ट आठवते का म्हणून विचारले. लहानपणी माझ्याच मांडीवर बसून त्याने ती ऐकली होती. एका तळ्यात तीन मासे राहत असतात. कोळी उद्या जाळे टाकणार, हे त्यांच्या कानी येते. अनागतविधाता त्याच रात्री दुसऱ्या जलाशयात निघून जातो. प्रत्युत्पन्नमती जाळ्यात सापडतो, पण मेल्याचे सोंग घेऊन निसटतो. यद्भविष्य मात्र व्हायचे ते होईल असे म्हणून स्वस्थ राहतो आणि प्राणांस मुकतो. मी म्हणालो, "तुम्ही दोघे मासे धरण्यास निघाला आहात, पण आधी ह्यांपैकी कोणता मासा व्हायचे ते ठरवा." पोरगा हसला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या कामाचे नाव 'अनागतविधाता' असे पडले आणि सोप्यातील फळ्याशेजारी एक कोरा कागद टाचला गेला.

पहिला प्रश्न दिवस कोणता, हा होता. मी वर्गात पुष्कळ वर्षे भूगोल शिकविला आहे. दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून वाहणारे ते खारे वारे, रात्री जमीन निवते म्हणून जमिनीकडून वाहणारे ते मतलई वारे. असे बाण मी खडूने दर वर्षी काढीत आलो. पण समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला होता, एकदा गणपतीपुळ्यास आणि एकदा चौपाटीवर. आमची कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६४ किलोमीटरांवर आहे. परंतु ती त्याच्याकडे पाठ फिरविते आणि १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरावर उगम पावणारी सावित्री मात्र धडाधड पश्चिमेकडे उतरते. आम्ही घाटावरची माणसे कृष्णेच्याच वळणाची. समुद्र जवळ असतो आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून राहतो.

तरीही पंचांग माझ्या हातात होते आणि तेथे मला थोडा अधिकार होता. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती मोठी येते. तिला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती मंद असते, तो भांग. भरतीची वेळ दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणूनच तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, हा जुना आडाखा आहे. चतुर्थीस चार पाऊणे तीन, अष्टमीस आठ पाऊणे सहा.

नातवाचे म्हणणे, अष्टमी घ्यावी, कारण त्या दिवशी पाण्याला ओढ कमी. मी त्याला फळ्यावर मांडून दाखविले. अष्टमीस भरती सकाळी सहाला पूर्ण होईल आणि दुपारी बारापर्यंत पाणी उतरत राहील. म्हणजे उजाडल्यापासून खाडीचे पाणी समुद्राकडे ओढणार. सकाळचे मतलई वारेही समुद्राकडेच लोटणार. ओढ कमी असली तरी दोन्ही एकाच बाजूची! दमलेल्या माणसाला परत आणणारे त्या वेळी काहीच नाही. त्यापेक्षा ज्या दिवशी सकाळी पाणी चढत असेल, त्या दिवशी चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जावे आणि भरती पूर्ण होऊन पाणी वळले की त्याच्याबरोबर परत फिरावे. हिशेबाने एकादशीस भरती सव्वाआठाला येत होती, द्वादशीस नऊला.

"मग एकादशी?" नातू म्हणाला.

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "एकादशीच्या दिवशी मासे मारायला जाणार? ऐकतेय मी सगळं!"

अशा रीतीने बेत घरभर झाला. एक प्रकारे बरेच झाले.

सूनबाई रडली. चिरंजीव माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की मुलाला फूस मीच लावली असावी. सौ. म्हणाल्या, "अहो, आपल्या घराण्यात समुद्रावर कोणी गेलंय का कधी? कलियुगात समुद्रप्रवास निषिद्धच सांगितला आहे ना?" मी म्हटले, "शास्त्रात समुद्रयान वर्ज्य सांगितले आहे खरे, पण हा मुलगा खाडीत अर्धा कोस जाणार. आणि महाभारत जिने आपल्याला दिले त्या व्यासांची आई सत्यवती नावेतच वाढली होती. तिचे पोषण कोळ्याच्याच घरी झाले." ह्यावर त्या म्हणाल्या, "पुराणातलं पुराणात. माझा नातू पोहून दमला तर व्यास येणार आहेत का ओढायला?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि विनोदाने ते टाळण्यासारखेही नव्हते. आम्ही सांगलीकर पाण्याला थोडे अधिकच ओळखतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कित्येक घरे उजाड झाली. आमच्याही गल्लीत कमरेएवढे पाणी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी आम्हांला रबरी बोटीतून काढले. बोटीत बसविण्यापूर्वी एका जवानाने सौ.ना नारिंगी जाकीट चढविले आणि तिन्ही पट्टे आवळून ओढून पाहिले. त्या म्हणत होत्या, "अरे, श्वास कोंडतो." तो म्हणाला, "माताजी, थोडी देर."

ती आठवण त्यांनाच झाली. काही वेळाने त्या नातवाला म्हणाल्या, "ते जाकीट असतं का रे तुमच्या त्या होडीत?"

"असतं, आजी."

"असतं म्हणजे होडीत असतं, की अंगावर असतं?"

माझ्या मते संपूर्ण बेतातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि तो सातवी शिकलेल्या, समुद्र मुळीच न पाहिलेल्या बाईने विचारला होता. कागदावर पहिली ओळ लिहिली गेली: 'जाकीट काठावर चढवावे, काठावर आल्याशिवाय काढू नये. पट्टे दुसऱ्याने ओढून पाहावे.'

मग घराचा सूर पालटला. भीती कोणाची कमी झाली नाही. पण ज्याला त्याला आपली भीती कामास लावता येऊ लागली. चिरंजीव हिशेबी आहेत. त्यांनी विचारले, मोबाईल पाण्यात पडला तर? त्यावरून पाणी न शिरणारी पिशवी आली. ती होडीला बांधायची की अंगाला, ह्यावर वाद झाला आणि अंगाला असे ठरले. कारण होडी व माणूस वेगळे झाले तर दूरध्वनी माणसापाशी हवा. सूनबाईने डोळे पुसून पिण्याचे पाणी, टोपी, मीठ-साखरेची पुडी आणि शिटी ही यादी केली. शिटी कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, "ओरडून घसा बसतो, अण्णा. शिटीला बसत नाही."

मी नातवाला दोन अटी घातल्या. पहिली अशी की ज्यांचे ते पाणी आहे त्यांना विचारावयाचे. आदल्या वर्षी तो मित्रांबरोबर भोगव्यास गेला होता, तेव्हा एका वृद्ध गाबीत गृहस्थांच्या घरी उतरला होता. त्यांना दूरध्वनी लावला आणि मी माझा आडाखा, द्वादशी, भरती नऊला, असे सर्व वर्गात सांगतो तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तरांनू, तुमचा गणित बरोबर आसा. पण आमच्याकडे पाणी जरा आदी भरता. आनी पोरांक सांगा, सुकतीच्या वखताक मुखाकडे जाव नको."

सुकती म्हणजे ओहोटी. खाडीच्या तोंडाशी, जेथे देवबागची वाळूची जीभ आणि भोगव्याचा किनारा समोरासमोर येतात, तेथे उतरते पाणी समुद्राच्या लाटांवर आदळते. लहान होडी उलटावी अशी जागा तीच. माझा आडाखा मुंबईकडच्या पाण्याला जुळणारा. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते म्हणून तिकडे ती आधी पोहोचते. नातवाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकावरून पडताळून पाहिले, तर म्हातारबुवांचे म्हणणे खरे निघाले. इतकी वर्षे भूगोल शिकविणाऱ्याला एका वाक्यात दुरुस्त करण्यात आले, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. आम्ही द्वादशीची त्रयोदशी केली, म्हणजे भरती पुन्हा नऊच्या आसपास आली. कागदावर लिहिले: 'पौष शुद्ध त्रयोदशी. उजाडल्यावर सातला निघणे. पाण्याबरोबर आत. नऊला परत फिरणे. साडेदहाला काठावर. मुखाकडे जाणे नाही.' साडेदहाच का, तर त्यानंतर ऊन तापून खारे वारे सुटू लागतात. माझ्या खडूच्या बाणांचा कोणाला तरी उपयोग झाला!

दुसरी अट होती परीक्षेची. होडी उलटली तर काय करायचे, हे तोंडी सांगून चालणार नाही, करून दाखविले पाहिजे. सांगलीच्या कृष्णेत हे करण्यास मी नकार दिला. भिलवडी-औदुंबराकडे मगरी आहेत हे आपण सारे जाणतोच. तेव्हा वाईस दादांच्या घरी जाण्याचे निमित्त काढून होडी गाडीच्या टपावर बांधली आणि धोमच्या जलाशयावर, रीतसर विचारून, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या काठाला आम्ही ती पाण्यात सोडली. ज्या नदीने माझा मित्र नेला, तिचेच ते अडविलेले पाणी. नातवाला मी तोवर ती गोष्ट सांगितली नव्हती. काठावर बसून मी ती दोघांनाही सांगितली. त्यांनी काही प्रश्न विचारले नाहीत.

मग त्यांनी होडी मुद्दाम उलटविली. पहिल्या खेपेस वर चढावयास त्यांना इतका वेळ लागला की चिरंजीव बूट काढून उभे राहिले. दुसऱ्या खेपेस होडी सरळ झाली, पण वल्हे सुटले आणि वाऱ्यावर असे पळाले की पोहणाऱ्याला ते गाठता येईना. तेथे समजले की वल्हे दोरीने होडीला बांधले पाहिजे आणि माणसाने होडी कधी सोडू नये. ती उलटी असली तरी तरंगते आणि दुरून दिसते. पाचव्या खेपेस दोघेही, एक ह्या बाजूने आणि एक त्या बाजूने, तोल सांभाळून झटकन वर आले. मी त्यांना उत्तीर्ण केले. पण प्रथम वर्ग दिला नाही.

आता राहता राहिला माशांचा प्रश्न. तो मी शेवटी ठेवला होता, कारण त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. जीव मारू नये, हे मी मानत आलो आणि अजूनही मानतो. परंतु किनाऱ्यावरील लाखो माणसांचे अन्न आणि पोटपाणी ज्यावर चालते, त्याला नुसते पाप म्हणणेही मला जमत नाही. ज्या गृहस्थांच्या एका वाक्यावर माझ्या नातवाचा जीव सुरक्षित राहणार होता, ते काही माझ्यापेक्षा कमी दयाळू होते असे नव्हे. मी नातवाला एवढेच विचारले, "तुला नेमके काय हवे आहे?"

तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "आजोबा, मी हॉटेलात खातो तेव्हा तो मासा कुठून आला हे मला माहीत नसतं. एकदा तरी आपल्या हातानं धरून बघायचं आहे. मग कदाचित खाणार नाही. कदाचित खाईनही. पण लपवून नको."

ह्यावर मी काय बोलणार? आम्ही ठरविले ते असे. एका वेळी एकच गरी. खाण्यापुरतेच धरावे. लहान मासा परत सोडावा. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे आणि त्यामागील विचार सरळ आहे, की एकदा तरी अंडी घातल्याशिवाय मासा धरला जाऊ नये. शिजविणे-खाणे त्या गृहस्थांच्या घरी, घरच्या मंडळींच्या रीतीप्रमाणे. आपल्या घरात काही आणू नये, आणि आपल्या घरात काही लपवूही नये. सौ.नी हे सर्व ऐकले. त्या 'हो' म्हणाल्या नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री मात्र त्यांनी दुधातल्या दशम्या केल्या, चटणी बांधून दिली आणि एवढेच म्हणाल्या, "परत आलास की मागल्या दारानं ये. आंघोळ करून आत ये."

कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कुडाळ, परुळे असा रस्ता. सायंकाळी पोहोचल्याचा दूरध्वनी आला. कागदाची एक प्रत त्यांच्याजवळ, एक त्या गृहस्थांजवळ आणि एक आमच्या सोप्यात होती. तिच्या शेवटच्या ओळी अशा होत्या: 'अकराला फोन. साडेअकरापर्यंत न आल्यास यजमानांना विचारणे. त्यांनाही ठावठिकाणा नसल्यास तटरक्षक दल, १५५४.'

त्रयोदशीला सकाळी आमच्या घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. अकरा वाजले. दूरध्वनी आला नाही. अकरा वाजून पाच मिनिटे झाली. स्वयंपाकघरात दूध उतू गेले आणि सूनबाईने ते पुसलेही नाही. चिरंजीव उठून दूरध्वनीकडे गेले. मी कागदाकडे बोट दाखविले. ते परत येऊन बसले. सौ. माळ ओढीत होत्या, पण मणी एकाच जागी होता. मला वाईच्या घाटाची पायरी दिसू लागली. परंतु ह्या वेळी एक फरक होता. तो कोठे आहे हे आम्हांला ठाऊक होते, कोणत्या पाण्यावर, कोणत्या बाजूला, कोणाच्या नजरेखाली, आणि साडेअकराला काय करावयाचे तेही ठाऊक होते. त्या ज्ञानाने भीती गेली नाही. पण तिला बसण्यास जागा मिळाली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी घंटा वाजली. "आजोबा, साडेदहालाच काठावर आलो. इथं रेंज नव्हती, वरच्या आळीत चढून यावं लागलं."

कागदात हे राहून गेले होते. रेंज कोठे मिळते ते आदल्या दिवशी पाहून ठेवणे. पुढच्या खेपेस लिहू.

सूनबाईने माझ्या हातून दूरध्वनी घेतला. काय विचारावे ते तिला क्षणभर सुचले नाही. मग ती म्हणाली, "मासा मिळाला का रे?"

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच उघड विचारला गेला. पलीकडून उत्तर आले, "एक तांबोशी लागली होती, आई. वीतभरही नव्हती. सोडून दिली."

सौ.नी माळ डोळ्यांना लावून डबीत ठेवली आणि देवापुढे साखर ठेवण्यास उठल्या. मी तो कागद उतरवून पंचांगात ठेवला आहे. मित्राची होडी अजून आहे, मुलगाही एकोणीस वर्षांचाच आहे आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्रयोदशी येणारच आहे.